बेळगावात दुकानदाराने १२० मायक्रॉनची जाड कॅरीबॅग दिली तर चालते का?

नाही, कर्नाटकात प्लास्टिकची कॅरीबॅग, मग ती कितीही जाड असो, दुकानदाराला ग्राहकाच्या हाती देता येत नाही. किमान १२० मायक्रॉन (म्हणजे ०.१२ मिलिमीटर) जाडीची मर्यादा केंद्राच्या नियमांतली असून ती ३१ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. राज्य सरकारने मात्र पर्यावरण संरक्षण कायद्याखाली मार्च २०१६ च्या अधिसूचनेने अशा पिशव्यांवर सरसकट बंदी घातली, आणि बेळगावच्या खडेबाजारापासून निपाणी-खानापूरच्या आठवडी बाजारापर्यंत तीच पाळावी लागते. कापडासारखी दिसणारी नॉनवोव्हन (न विणलेली) पिशवीसुद्धा बहुधा पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते, आणि खरी फसगत तिथेच होते. कारखान्यातूनच सीलबंद होऊन येणारे वेष्टन, उदाहरणार्थ दुधाची पिशवी, मात्र या बंदीत येत नाही.