कॅसेटमधली कुकरची शिट्टी

प्रश्न : ताई, बाबा गेल्यावर माळा आवरताना चपलांच्या खोक्यात २३ कॅसेट सापडल्या. सगळ्या त्यांनी स्वतः भरलेल्या, काही रेडिओवरून काही मित्रांकडून, वर बारीक अक्षरात गाण्यांची यादी. भाऊ म्हणतो ही गाणी मोबाईलवर मिळतात, टाकून दे. काहींच्या आत पांढरे ठिपके दिसतायत आणि एकीची टेप तुटलीये. काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : भावाला म्हणावं दोन रविवार कळ काढ. गाणी मोबाईलवर मिळतात हे खरंच आहे, पण कॅसेट भरणं हा काय उद्योग होता ते ज्याने केलाय त्यालाच माहीत. सी-६० म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं, त्यात सात-आठ गाणी, मग शेवटी दीड मिनिट उरायचं आणि तिथे काय बसवायचं याच्या वहीच्या मागच्या पानावर बेरजा, आणि एवढं करून शेवटचं गाणं दुसऱ्या अंतऱ्यात खटकन तुटायचंच. आमच्याकडे असं एक गाणं आहे, ते कुठे पूर्ण लागलं तर मला अजून चुकल्यासारखं वाटतं. आणि एका टेपरेकॉर्डरसमोर दुसरा टेपरेकॉर्डर ठेवून माइकने भरलेलं असेल तर मग विचारूच नका, कुकरची शिट्टी, आजीचं खोकणं, कुणीतरी कुणालातरी ‘शूऽऽ’ करतंय, सगळं आत. कदाचित बाबांचाच आवाज असेल. तो मोबाईलवर कुठून मिळणार?

आता कामाचं. सगळ्यात आधी प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना प्लास्टिकच्या छोट्या पाकळ्या असतात त्या मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी पुसलं जाणार नाही. हे मी का सांगतेय, तर आजोबांच्या भजनाच्या कॅसेटवर मी सहावीत असताना क्रिकेटची कॉमेंट्री भरली होती. पाकळी मोडलेलीच होती हो, मीच त्या खाचेवर सेलोटेप लावला. असो.

पांढरे ठिपके म्हणजे बुरशी, आपल्याकडच्या पावसाळ्याची कृपा. त्या कॅसेट वेगळ्या काढा आणि चांगल्या टेपरेकॉर्डरमध्ये अजिबात घालू नका, बुरशी त्याच्या हेडला (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट डब्यात ठेवा आणि जाणकाराकडूनच साफ करून घ्या, घरी करायचंच तर तोंडाला मास्क हवा. तुटलेली टेप मात्र जोडता येते. कॅसेटला स्क्रू असतील तर उघडते, चिकटवलेली असेल तर जपून फोडून आतली दोन्ही रिळं दुसऱ्या स्क्रूवाल्या कॅसेटच्या रिकाम्या सांगाड्यात बसवायची. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून तिरकी कापायची, समोरासमोर टेकवायची आणि मागून स्प्लायसिंग टेप (फीत जोडायचीच खास चिकटपट्टी) लावायची. घरातला सेलोटेप नको, त्याचा गोंद पाझरून वरच्या-खालच्या वेढ्यांना चिकटतो.

मग पेन्सिल! षटकोनी पेन्सिल त्या दातेरी भोकात बरोब्बर बसते, तिने सैल टेप ओढून घ्यायची. कॉटन बडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन टेपचं हेड पुसा (टेपरेकॉर्डरचं म्हणतेय, कॅसेटच्या फितीला अल्कोहोल लावू नका), तपकिरी मळ निघेल तो बघून घाबरू नका. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट आधी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फॉरवर्ड-रिवाइंड करा आणि मगच वाजवा. सी-९० ची फीत सी-६० पेक्षा पातळ असते, तिला जास्त जपा.

कॉम्प्युटरवर घ्यायला टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लाइन-इन असलेल्या यूएसबी साऊंड कार्डात घाला, लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातलं तर आवाज बहुतेक फाटतो. आवाज भरून घ्यायचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एक बाजू सलग भरा, मधे थांबवू नका, गाणी सुटी करत बसू नका आणि वेव्ह (.wav) फाईल म्हणून ठेवा, मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते, लागू दे. खरखर काढायची तर कॉपीवर काढा, कारण तो फिल्टर खरखरीसोबत मागची कुजबुजही खातो, आणि आपल्याला तीच तर हवीये. यादीचे फोटोही काढा, खाडाखोडीसकट.

प्रश्न : आजीकडे जुन्या सिनेमांच्या गाण्यांच्या पुस्तिका आहेत. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटतोय. लॅमिनेट करून फ्रेम करू का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही नाही नाही! लॅमिनेशन एकदा झालं की परत निघत नाही, आणि स्वस्त कागदात मुळातच आम्ल असतं ते आत कोंडून कागद कुरतडतच राहतं. सेलोटेपही नको. आम्लरहित कागदात घालून, आडव्या ठेवा, उन्हात भिंतीवर लावू नका, फ्रेमच करायची हौस असेल तर रंगीत प्रिंट काढून ती लावा. स्टेपलरच्या पिना गंजल्या असतील तर हळूच काढा. या पुस्तिका थिएटरबाहेर चार-आठ आण्यांना मिळायच्या, आत गाण्यांबरोबर कथासार असायचं आणि ते नेमकं शेवटाच्या आधी तोडून ‘पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा’. पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ सालचं, ते पोस्टरांसोबत अशा पुस्तिकाही जपतात. पुढेमागे द्यायच्या मनात आलं तर तिथे विचारा. आधी मात्र आजीला समोर बसवून प्रत्येक पुस्तिका कुठल्या थिएटरबाहेर घेतली आणि सोबत कोण होतं ते पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घ्या, पुस्तिकेवर नाही.