आईचं इन्सुलिन कुठल्या बॅगेत ठेवू?

प्रश्न : आई (वय ६८) मे महिन्यात पहिल्यांदाच अमेरिकेला, न्यू जर्सीला भावाकडे चाललीये, पाच महिन्यांसाठी, आणि एकटीच. शुगर आहे, रात्री दहाला इन्सुलिनचं पेन घेते, बीपीची गोळी पण चालू आहे. औषधांची तयारी कशी करू?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, आधी इन्सुलिनचं बघू. ते मोठ्या बॅगेत अजिबात टाकू नका, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर पातळ झालं, दिसायला अगदी पहिल्यासारखं दिसलं तरी वापरायचं नाही. आईसपॅक लावणार असाल तर मध्ये नॅपकिनची घडी घाला. पेन, सुया, ग्लुकोमीटर, गोळ्या, सगळं खांद्यावरच्या बॅगेतच. माझ्या मावशीची बॅग दोन दिवस उशिरा पोचली होती, सगळ्या गोळ्या तिच्यातच होत्या, ते दोन दिवस आठवले की अजून धडधडतं.

आता वेळेचं. आपल्याकडे रात्रीचे दहा म्हणजे तिकडे मे महिन्यात दुपारचे साडेबारा, त्यामुळे डोस कधी, किती आणि कसा सरकवायचा हे तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घ्या, अंदाजाने काही करू नका. त्यांच्याकडूनच इंग्रजीत टाइप केलेलं प्रिस्क्रिप्शन पण घ्या, त्यात ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव हवं. आपलं पॅरासिटामॉल तिकडे असिटामिनोफेन नावाने मिळतं आणि सर्दीच्या बऱ्याच औषधांतही तेच असतं, म्हणजे आईने इथली गोळी घेतली आणि वर तिथलं सर्दीचं औषध घेतलं तर नकळत डबल डोस. हे भावाला आणि वहिनींना आत्ताच सांगून ठेवा.

गोळ्या मूळ पाकिटातच राहू द्या, डबीत काढू नका. तिकडे साधारण ९० दिवसांपुरतीच औषधं नेता येतात आणि आपलं प्रिस्क्रिप्शन तिथल्या मेडिकलमध्ये चालत नाही, म्हणून उरलेल्या दोन महिन्यांसाठी भावाला तिथल्या डॉक्टरची अपॉइंटमेंट आधीच घ्यायला सांगा. इन्शुरन्स घेताना शुगर-बीपी लपवू नका, आधीच्या आजाराला कव्हर किती ते नीट वाचा.

व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगून ठेवा. विमानात तासा-दोन तासांनी उठून चालायला सांगा, बसल्या जागी पावलं वर-खाली करायची, पाणी पीत राहायचं. आणि नाशिकहून मुंबई एअरपोर्टपर्यंतच चार-पाच तास जातात, कसारा घाटात अडकलात तर जास्तच, तेव्हा घरून जेवूनच निघा आणि ग्लुकोज बिस्किटाचा पुडा आईच्या हाताशी ठेवा, डिकीत नको.