पक्षाशी न पटलेले सिनेटर वेन मोर्स यांची कारकीर्द कशी होती?
ओरेगनचे वेन मोर्स १९४४ मध्ये रिपब्लिकन म्हणून अमेरिकी सिनेटवर निवडून आले. परंतु १९५२ मध्ये निक्सन पक्षातर्फे देशाच्या उपाध्यक्षपदाचे उमेदवार ठरल्यावर त्यांनी पक्ष सोडला, काही काळ ते अपक्ष राहिले आणि १९५५ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात गेले. तेथेही त्यांनी मान तुकवली नाही. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरण्याची मोकळीक त्यांच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना देणारा टॉन्किन आखाताचा ठराव सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी संमत केला, त्या दोन विरोधी मतांपैकी एक मोर्स यांचे आणि दुसरे अलास्काच्या अर्नेस्ट ग्रुनिंग यांचे होते. युद्ध पुकारण्याचा घटनादत्त अधिकार काँग्रेसचाच, म्हणजे अमेरिकी संसदेचाच आहे, हा मोर्स यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. १९६८ ची निवडणूक ते अगदी थोडक्या मतांनी हरले.