सैन्यातल्या ट्रेनिंगमुळे माणसाचा नोकरीकडे बघण्याचा दृष्टिकोन खरंच बदलतो का?

बदलतो, पण घरच्यांना वाटतो तसा नाही.

तुमचा धाकटा भाऊ अग्निवीर म्हणून बेळगावला गेलाय आणि घरात सगळे म्हणतायत, ‘शिस्त लागेल, चार वर्षांनी कुठंही चिकटेल.’ मी त्याच मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला 2002 साली रिक्रूट म्हणून गेलो आणि 17 वर्षांनी नायक या हुद्द्यावरून पेन्शनवर घरी आलो. म्हणून लिहितोय.

पहाटेची पीटी, रगडा म्हणजे शिक्षेची कसरत, फ्रंट रोल, हे दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतं. त्यानं शरीर तयार होतं. कामाची सवय मला लागली ती फायरिंग रेंजवर. तिथं जितके राउंड घ्याल तितके रिकामे खोखे, म्हणजे गोळी सुटल्यावर उरणारी पितळी टोपणं, मोजून परत द्यावे लागतात. एका दुपारी आमच्या प्लाटूनचा एक खोखा कमी भरला. इन्सास रायफलची गोळी 5.56 मिलिमीटरची, तिचा खोखा करंगळीहून बारीक. पावसाळा नुकताच संपलेला, गवत गुडघाभर. सगळे एका ओळीत गुडघ्यांवर, बोटांनी गवत विंचरत पुढं सरकतोय. तास गेला, दुसरा गेला. एरवी शिव्यांशिवाय न बोलणारा उस्ताद, म्हणजे आमचा ट्रेनिंग देणारा, त्या दिवशी गप्प होता, आमच्याच ओळीत गुडघ्यांवर बसून शोधत होता. शेवटी खोखा सापडला शेजारच्या पोराच्या ग्राउंडशीटच्या घडीत! लंगरमधलं जेवण केव्हाच गार झालेलं. पण ‘एवढ्याशा पितळेसाठी कशाला?’ असं कुणाच्या मनातही आलं नाही. हिशोब जुळला नाही म्हणजे काम संपलं नाही, एवढंच डोक्यात बसलं, ते आजतागायत निघालेलं नाही.

याचा बाहेर उपयोग होतो का? होतो, आणि त्रासही होतो. पेन्शनवर आल्यावर एका गोडाऊनला सुपरवायझर लागलो. एका संध्याकाळी एक बॉक्स कमी भरला, तर मी सगळ्या पोरांना रात्री दहापर्यंत थांबवलं. एक पोरगा म्हणाला, “काका, ही बॉर्डर नाही. आमची शेवटची बस गेली.” मला राग आला होता, पण बरोबर त्याचंच होतं. त्याला जादा वेळेचे पैसे मिळणार नव्हते. सैन्यात वेळ कुणी विचारत नाही, कारण जेवण, कपडे, झोपायची जागा, सगळ्याची काळजी दुसरं कुणीतरी घेत असतं. बाहेर प्रत्येकाला घर गाठायचं असतं, हे कळायला मला वर्ष लागलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्याच नोकरीच्या फॉर्मवर एक रकाना होता, ‘अपेक्षित पगार’. मी पेन हातात धरून बसून राहिलो. 17 वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पगार रँकप्रमाणे, गाव पोस्टिंगच्या ऑर्डरप्रमाणे, बढती कॅडर, म्हणजे बढतीचा कोर्स, पास झालात आणि जागा असली तर. दिलेलं काम जीव ओतून कसं करायचं ते सैन्य शिकवतं. काम निवडायचं कसं, स्वतःची किंमत सांगायची कशी, हे शिकवत नाही. त्याची तिथं गरजच नसते. मी लिहिलं, ‘जो द्याल तो.’ अर्थात त्यांनी कमीच दिला.

आता तुमच्या भावाचं. आमचं रिक्रूट ट्रेनिंग आठ-नऊ महिन्यांचं होतं. अग्निवीरांचं त्याहून कमी आहे, पण त्यानं फार बिघडत नाही, खोखे मोजायची सवय तेवढ्यातही लागते. खरा माणूस घडतो पुढं पलटणीत, दहा जणांच्या सेक्शनची जबाबदारी अंगावर पडली की. कुणाची रजा अडली, कुणाच्या घरी आई आजारी, कोण रात्री सेंट्रीवर, म्हणजे पहाऱ्यावर, पेंगतो, हे सगळं तुमचं होतं. तिथवर पोचायला मला सात-आठ वर्षं लागली. अग्निवीर चार वर्षांत बाहेर. 100 पैकी जास्तीत जास्त 25 जण पुढं ठेवणार, बाकीच्यांना सेवानिधीचे, म्हणजे एकरकमी फंडाचे, साधारण 11.71 लाख मिळतील, पेन्शन नाही. म्हणजे मला छत्तिसाव्या वर्षी पडलेला प्रश्न त्याला बाविशी-तेविशीतच पडणार, आणि तोही पेन्शनचा आधार नसताना. एका परीनं बरं, या वयात माणूस नवीन शिकतो. पण तयारी आत असतानाच करायला हवी.

‘शिस्त’ या शब्दावर विसंबू नका. शिस्तीच्या माणसाला बाहेर पटकन मिळते ती गेटवरची नोकरी, कारण समोरच्याला आपल्यात तेवढंच दिसतं. आम्हाला निदान 15 वर्षांच्या सेवेवर काही सरकारी जागांसाठी पदवीधर धरायचे. त्याला ती सोय नाही. मात्र अग्निवीरांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदवी आहे, तिचे निम्मे क्रेडिट सैन्यातल्या ट्रेनिंगचेच धरतात. बहुतेक पोरं दिवसभराच्या थकव्यात ते राहू देतात.

पुढच्या रविवारी त्याचा फोन आला की तब्येत, जेवण विचारून झाल्यावर इग्नूचं नाव घातलंय का ते विचारा. नसेल घातलं, तर युनिटच्या एज्युकेशन हवालदाराला भेट म्हणावं.