मुंबई–गोवा–लक्षद्वीप क्रूझ: वयस्कर माणसं आणि लहान मूल सोबत असताना

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून तुम्ही दोघं, सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आणि आठ वर्षांची मुलगी डिसेंबरात मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या क्रूझला निघताय. खोली कुठली घ्यावी, सामान काय न्यावं, बोट लागली तर काय करायचं आणि जहाजावर वागायचे नियम काय, हे तुम्हाला हवंय. महिना चांगला निवडलात. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा या फेऱ्या नसतात. डिसेंबरात पाणी बहुतेक वेळा शांत मिळतं.

आधी खोली. जहाज डोलतं तेव्हा दोन्ही टोकं सगळ्यात जास्त वरखाली होतात आणि मधला भाग सगळ्यात कमी. म्हणून लांबीच्या मध्यावरची आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावरची खोली मागा. वरच्या मजल्यासाठी जास्त पैसे मोजून जास्त हेलकावे विकत घेण्यात अर्थ नाही. मजल्यांचा नकाशा उघडून आपल्या खोलीच्या बरोबर वर आणि खाली काय आहे ते बघा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत ठोके ऐकू येतात. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील असा मजला उत्तम. दोन खोल्या शेजारीशेजारी हव्यात हे आरक्षण करतानाच लिहून घ्या. लिफ्टपासून चार-पाच दारं सोडून घेतलीत तर चालणंही कमी आणि गोंगाटही कमी.

मुंबईहून २०२१ पासून देशांतर्गत फेऱ्या करणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे १९९० सालचं जहाज आहे, सुमारे २११ मीटर लांब. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे खोल्या आटोपशीर आहेत आणि बाल्कनीवाल्या मोजक्याच. सासू-सासऱ्यांना निदान खिडकीची खोली द्या. बिनखिडकीच्या खोलीत दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो. रात्री बाथरूमला उठताना पडण्याची भीती तिथेच जास्त, कारण पाणी बाहेर येऊ नये म्हणून जहाजांवर बाथरूमचा उंबरठा उंच असतो. बॅटरीवरचा छोटा दिवा न्या आणि पहिल्या दिवशीच दोघांना तो उंबरठा दाखवून ठेवा. बाथरूममध्ये हँड शॉवर किंवा जेट आहे का, हेही आधी विचारा. नसेल तर हलका प्लास्टिकचा मग बॅगेत असू द्या.

बोट लागण्याबद्दल. ॲव्होमिनसारखी गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते, म्हणजे आदल्या रात्री किंवा जहाज सुटण्याच्या एक-दोन तास आधी. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही; मग जहाजावरच्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेण्यावाचून इलाज उरत नाही. या गोळीने गुंगी येते. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा झोपेची औषधं चालू असतील तर सासू-सासऱ्यांना ती आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. गुंगीत जिना उतरताना झालेलं फ्रॅक्चर मळमळीपेक्षा कितीतरी महागात पडतं. मुलीचा डोसही डॉक्टरकडूनच लिहून घ्या. पोट रिकामं ठेवू नका. कोरडा टोस्ट, आलेपाक, लिंबू बरं पडतं, तेलकट आणि फार गोड टाळा. मळमळायला लागलं की खोलीत आडवं होऊन मोबाइल बघण्यापेक्षा उघड्या डेकवर मध्यभागी उभं राहून क्षितिजाकडे बघा. डोळे आणि कान मेंदूला वेगवेगळं सांगतात म्हणून हा त्रास होतो. स्थिर क्षितिज दिसलं की तो गोंधळ कमी होतो.

जाण्याच्या दिवशी वेळेत भरपूर सूट ठेवा. वेबवरचं चेक-इन आधी उरका, म्हणजे चढण्याची वेळ ठरवून मिळते. डेक्कन क्वीन सकाळी ७.१५ ला पुण्याहून सुटून १०.२५ ला सीएसएमटीला पोचते आणि क्रूझ जिथून सुटते तो बॅलार्ड पिअर धक्का तिथून टॅक्सीने जवळ आहे. वयस्कर माणसं सोबत असताना मात्र मुंबईत आदल्या रात्री मुक्काम करणं मला जास्त पटतं, कारण घाट किंवा रेल्वे अडली तरी जहाज थांबत नाही. व्हीलचेअर हवी असेल तर आरक्षणाच्या वेळीच नोंदवा. बंदरावर मिळणारी खुर्ची सहसा चढण्या-उतरण्यापुरतीच असते, प्रवासभर लागणार असेल तर आपली घडीची न्यावी.

मोठ्या बॅगा बंदरावर घेतल्या जातात आणि खोलीत पोचायला कधीकधी संध्याकाळ होते. म्हणून ओळखपत्रं, सगळी औषधं, चष्मा, चार्जर आणि मुलीचा पोहण्याचा पोशाख हातातल्या पिशवीतच ठेवा. औषधं दिवसांच्या दुप्पट, मूळ पट्टीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. जहाजावरचा दवाखाना तातडीच्या उपचारांपुरता असतो आणि त्याचं बिल आपल्या खात्यावर चढतं. आरोग्य विम्यात ते बसतं का हे विमा कंपनीला लेखी विचारून ठेवा.

इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड, इंडक्शन, मेणबत्त्या, अगरबत्ती यातलं काहीही नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. सासूबाईंची रोजची पूजा असेल तर निरांजन आणि उदबत्तीशिवाय करावी लागेल, हे त्यांना घरीच नीट समजावून सांगा. भर समुद्रात अग्निशमन दल येत नाही. आग लागली तर विझवणारे आणि अडकलेले एकाच जहाजावर असतात. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्डही चालत नाही. जहाजाची वीज घरच्यासारखी जमिनीला जोडलेली नसते आणि असा बोर्ड तिथे तापून पेट घेऊ शकतो. साधा, अनेक यूएसबी तोंडांचा चार्जर पुरतो. घरचा चिवडा-लाडू न्यायचा मोह होणारच. बंद पाकिटातला कोरडा खाऊ साधारणपणे अडवत नाहीत, शिजवलेलं अन्न मात्र ठेवून घेतात. दारूची बाटलीही ठेवून घेतात.

जहाजावर चढल्यावर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुरक्षा सराव. तो चुकवू नका आणि त्या वेळात फोन खिशात ठेवा. धोक्याची खूण म्हणजे सात किंवा अधिक आखूड भोंगे आणि मग एक लांब भोंगा. तो ऐकला की जहाजाने दिलेल्या आपल्या कार्डावर लिहिलेल्या जमण्याच्या जागी जिन्याने जायचं, लिफ्टने नाही. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ खडकावर आपटलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. सराव संपल्यावर सासू-सासऱ्यांना खोलीपासून त्या जागेपर्यंत एकदा हळूहळू चालवून आणा. किती मिनिटं लागतात ते तुम्हालाही कळेल.

आता वागण्याचं. सगळ्यात जास्त काळजी हात धुण्याची. बंद जागेत हजार-दीड हजार माणसं एकाच बुफेवर जेवतात, तिथे उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो. सॅनिटायझर त्यावर फारसा चालत नाही, म्हणून दारातली बाटली हातावर फवारून आत जाऊ नका. साबण आणि पाण्याने वीस सेकंद हात धुवा. दुसऱ्यांदा वाढून घेताना ताट नवीन घ्या, पदार्थाला हात न लावता चिमट्यानेच उचला. आपली बाटली यंत्राच्या तोटीला टेकवून भरू नका, ग्लासात पाणी घेऊन बाटलीत ओता. मुलीचं ताट तुम्हीच वाढा. घरातल्या कुणाला उलट्या-जुलाब सुरू झाले तर लपवू नका, दवाखान्याला फोन करा आणि लक्षणं थांबल्यावरही ४८ तास त्या व्यक्तीला खोलीतच ठेवा. सहल बुडते हे खरं, पण एका माणसाने लपवल्याने पुढच्या दोन दिवसांत पन्नास जण आजारी पडू शकतात.

उपासाचं किंवा जैन जेवण आरक्षणात नोंदवा आणि पहिल्याच संध्याकाळी डायनिंग रूमच्या मुख्य माणसाला भेटून पुन्हा सांगा. एकादशी सहलीत येत असेल तर निदान एक दिवस आधी कळवा. साबुदाणा आणि वरी मिळेलच असं धरू नका, फळं-दूध नक्की मिळतं.

संडासात कागदाशिवाय काहीही टाकू नका. तिथे पाण्याच्या लोटाऐवजी हवेच्या दाबाने मैला ओढतात, आणि ओला वाइप किंवा पॅड अडकला तर तुमच्याबरोबर शेजारच्या कित्येक खोल्यांचे संडास बंद पडतात. बाल्कनी मिळाली तर कठड्यावर टॉवेल किंवा साडी वाळत घालू नका, वारा ती उडवून नेतो. समुद्रात काहीही फेकायचं नाही. सिगारेटचं थोटूक तर कधीच नाही: मार्च २००६ मध्ये कॅरिबियन समुद्रात ‘स्टार प्रिन्सेस’वर बाल्कनीतून आग भडकली आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. चौकशीत सर्वात संभाव्य कारण टाकून दिलेली सिगारेट हेच निघालं. बाल्कनीचं आणि खोलीचं दार एकदम उघडू नका. वाऱ्याच्या झोताने दार आपटून बोटं चेचतात.

तलावाकाठच्या खुर्च्यांवर सकाळीच टॉवेल टाकून नाश्त्याला निघून जाणं ही मला सर्वांत खटकणारी सवय. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ उठणार असाल तर खुर्ची मोकळी करा. खोल्यांच्या भिंती पातळ असतात, तेव्हा रात्री अकरानंतर बोळात मोठ्याने बोलणं, मुलांची पळापळ, दार उघडं ठेवून अंताक्षरी हे सगळं टाळा. गाण्याची मैफल जमवायची असेल तर डेकवर किंवा लाउंजमध्ये जागा विचारून घ्या, बहुतेक वेळा आनंदाने देतात. तलावातल्या अनोळखी माणसांचे, विशेषतः मुलांचे व्हिडिओ काढू नका.

गोव्यात जहाज पणजीला नाही, वास्कोजवळ मुरगावला लागतं. पणजी तिथून साधारण तीस किलोमीटर, रस्त्यावर गर्दी असली की एक तासाहून जास्त. कळंगुट-बागाचा बेत सोडून द्या. सासू-सासऱ्यांसोबत मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा, मग जेवण करून परत, एवढंच नीट होतं. गाडीचं भाडं आणि परतीची वेळ निघण्याआधीच ठरवा. जहाजाने नेलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज वाट बघतं, तुमच्या खासगी टॅक्सीसाठी बघत नाही. म्हणून शेवटच्या वेळेच्या निदान दीड तास आधी बंदरावर पोचायचं, असं चालकाला स्पष्ट सांगा.

लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो. तो सहसा क्रूझ कंपनी काढते, पण तुमची कागदपत्रं तिने सांगितलेल्या तारखेआधी पोचली पाहिजेत. मोठं जहाज प्रवाळामुळे बेटाला लागत नाही, त्यामुळे लहान बोटींनी नेतात. बोट वरखाली होत असते. खलाशी सांगेल त्याच क्षणी पाऊल टाका. त्याला तुमचा पंजा नाही, मनगटाच्या वरचा हात धरू द्या, पकड निसटत नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून पाठीवरची पिशवी आणि मागे पट्टा असलेले सँडल. गुडघेदुखी असलेल्या माणसाने हे टाळलेलं बरं. सासू-सासऱ्यांनी त्या दिवशी जहाजावरच राहायचं ठरवलं तर त्यांना गर्दीशिवाय निवांत डेक मिळतो, त्यांचा दिवस मुळीच वाया जात नाही. वारा वाढला तर कॅप्टन उतरणं रद्द करतो. त्यावर काउंटरवर भांडून काही होत नाही, कारण तो निर्णय माणसं पाण्यात पडू नयेत म्हणून घेतलेला असतो. मुलीला प्रवाळावर उभं राहू देऊ नका आणि किनाऱ्यावरचा मेलेला तुकडाही उचलू नका. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि तपासणीत सापडला तर प्रकरण गंभीर होतं.

फोन जहाज सुटताच विमान मोडवर टाका, नाहीतर जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जाऊन बिल फुगतं. खर्च जहाजाच्या कार्डावर चढत जातो, तेव्हा रोज रात्री खातं बघा. चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते, शेवटच्या सकाळी रांगेत नाही. या खात्याच्या हमीसाठी डेबिट कार्ड देऊ नका, अडकवलेली रक्कम सुटायला दिवस लागतात.

सेवाशुल्क माणशी, रात्रीनुसार बिलात आधीच धरलं आहे का ते तपासा. असलं तरी खोली साफ करणाऱ्याला शेवटच्या रात्री पाकिटातून वेगळं काही दिलंत तर ते त्याच्या हातात पडतं. आंतरराष्ट्रीय नियमाने या लोकांना २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळायला हवी, म्हणजे उरलेल्या वेळातला बराचसा कामाचा, आणि तोही महिनोन्‌महिने सुट्टीशिवाय. यात गोव्याची, कोकणातली माणसं पुष्कळ असतात. छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचून त्या नावाने हाक मारा, टिचकी वाजवून बोलावू नका.

शेवटच्या रात्री सांगितलेल्या वेळेआधी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी सकाळचे कपडे, चपला, औषधं आणि दातांची कवळी बाहेर काढली का, हे दोन्ही खोल्यांत जाऊन स्वतः बघा. पुण्याचं परतीचं तिकीट दुपारी दोनच्या आधीचं काढू नका.