थर्मोस्फिअरचं मॉडेल पहिल्यांदा तपासताना

थर्मोस्फिअर म्हणजे वातावरणाचा वरचा, विरळ थर; मॉडेल तिथल्या हवेची घनता सांगतं. तपासायला सुरुवातीलाच दहा भूचुंबकीय वादळं (सूर्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारी खळबळ) घेऊ नकोस. ऑक्टोबर २००३ चं एकच घे. तेव्हा चॅम्प हा उपग्रह साधारण ४०० किलोमीटरवर होता आणि ग्रेस ही उपग्रहांची जोडी त्याहून वर, त्यामुळे एकाच वादळातली दोन उंचींवरची घनता मिळते.

मॉडेलला उपग्रहाच्या कक्षेवरून चालव. त्या क्षणाचे अक्षांश, रेखांश, उंची, वेळ, सगळं नेमकं दे. घनता उंचीगणिक झपाट्याने घटते. ढोबळ उंची धरलीस तर चूक मॉडेलची की तुझी, हे कळणारच नाही.

मग वजाबाकी नको. मॉडेल भागिले निरीक्षण कर आणि त्याचा लॉगॅरिदम घे, म्हणजे दुप्पट आणि निम्मं या चुकांना सारखंच वजन मिळतं. वादळाआधीच्या शांत दिवसांचं गुणोत्तर वेगळं काढ. तो मॉडेलचा नेहमीचा कल, वादळातली चूक नव्हे. निरीक्षणालाही प्रश्न विचार: उपग्रह मोजतो त्वरण, घनता येते ड्रॅग गुणांक (हवा उपग्रहाला किती अडवते, ते सांगणारा आकडा) गृहीत धरून.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. एनआरएलएमएसआयएसई-०० या थर्मोस्फिअरच्या मॉडेलला एफ१०.७ ची (सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या रोजच्या मापाची) ८१ दिवसांची सरासरी लागते आणि तपासायचा दिवस तिच्या मधोमध असतो. म्हणजे पुढचे ४० दिवस आधीच आत आले! जुनं वादळ अभ्यासताना हे चालतं, पण त्या निकालावरून 'अंदाज उत्तम' असं लिहू नकोस. खरा अंदाज किती मोलाचा, ते बघ: फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकत्याच सोडलेल्या ४९ पैकी ३८ स्टारलिंक उपग्रहांचा घास साध्या मध्यम वादळाने, हवेची घनता वाढवून, घेतला.

वादळ ओसरल्यानंतरचे दोन दिवसही आलेखात ठेव. नायट्रिक ऑक्साइडमुळे हवा तेव्हा भराभर थंड होते.