प्रश्न तुमचे : रॉकनी मास्तर

प्रश्न : थोरला मुलगा अमेरिकेत साउथ बेंडला शिकतो. आम्ही गेलो तेव्हा त्यानं नोटर डेम विद्यापीठाच्या स्टेडियमबाहेरचा नूट रॉकनी यांचा पुतळा दाखवला. कॉलेजचा एक कोच, त्यालाही जाऊन नव्वदच्या वर वर्षं झाली. तरी लोकांचा एवढा जीव का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तिकडचा फुटबॉल म्हणजे आपल्या शाहू स्टेडियमवरचा नव्हे. चेंडू काखोटीला मारून पळायचं, आणि त्याला फुटबॉल म्हणायचं! आम्हा कोल्हापूरकरांना हे पचत नाही. पण रॉकनींवर माझा जीव आहे, कारण ते माझ्याच धंद्यातले. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यांनीही.

जन्म नॉर्वेचा, १८८८चा. पाच वर्षांचे असताना शिकागोत आले. टपालखात्यात नोकरी करून पैसे साठवले आणि नोटर डेमच्या कॉलेजात पाऊल टाकलं ते बाविसाव्या वर्षी. १९१३च्या उन्हाळ्यात ते आणि त्यांचा मित्र गस डोरे ओहायोतल्या सीडर पॉइंटला कामाला होते. काम संपलं की सरोवराकाठच्या वाळूत सराव. डोरे लांबून चेंडू फेकायचा, हे पळता पळता झेलायचे. असा पुढे चेंडू फेकायला नियमांनी १९०६पासूनच मुभा होती, पण त्याचा असा वापर फारसा कोणी करत नव्हतं. त्याच नोव्हेंबरात नोटर डेमच्या संघातून खेळताना त्यांनी अमेरिकी लष्करी अकादमीच्या बलाढ्य 'आर्मी' संघाला ३५-१३ असं लोळवलं. त्या सामन्यात रॉकनींनी आधी लंगडण्याचं सोंग केलं, प्रतिस्पर्धी गाफील झाला आणि हे सुसाट सुटले, असं सांगतात. हा डाव आमच्या पेठांतल्या पोरांनाही आवडला असता.

१९१८ ते १९३० ते नोटर डेमचे मुख्य कोच होते. १०५ सामने जिंकले, हरले फक्त १२. पाच बरोबरीत सुटले. मरणाऱ्या खेळाडूची शेवटची इच्छा सांगून त्यांनी संघाला चेतवलं, ही गोष्ट तुमच्या मुलानं सांगितली असेलच. ती खरी किती, यावर वाद आहे. मला वाळूतला सरावच जास्त भावतो.

३१ मार्च १९३१ला कॅन्ससमध्ये त्यांचं विमान कोसळलं. आठही जण गेले. वय अवघं त्रेचाळीस. विमानाचे पंख लाकडी, सरसानं जोडलेले. ओल लागून सरस सुटला असावा, असं निदान निघालं. रसायनाच्या मास्तराला हे वाचून कसं वाटतं, काय सांगू! लोक इतके खवळले की लाकडी पंखांची विमानं मागे पडली आणि धातूच्या विमानांना जोर आला.

अंत्ययात्रेत शवपेटीला खांदा दिला तो त्यांच्याच खेळाडूंनी. नॉर्वेच्या राजानं प्रतिनिधी पाठवला होता.

त्यांची कबर आधी साउथ बेंडच्याच हायलँड दफनभूमीत होती, २०२४ला ती विद्यापीठाच्या आवारातल्या सीडर ग्रोव्ह दफनभूमीत हलवली. पुढच्या खेपेला गेलात, तर मुलाला म्हणा, तिथंही घेऊन चल.